मोरीमागची ब्राह्मी : एका वर्षाच्या नोंदी

जागा : मोरी आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधली पट्टी, सहा फूट बाय अडीच फूट. सकाळी साडेदहापर्यंत ऊन, मग दिवसभर सावली. आमच्या घरात बारा महिने ओली राहणारी ही एकच जागा, तीही मोरीचा पाइप नीट बसलेला नाही म्हणून. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधे बोअरवर भागतं. सोलापुरात ज्यांना असला ओलीचा हट्ट करायचा आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. मी शेतकरी नाही. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग दुरुस्त करतो.

१२ जून

आईला केसांच्या तेलासाठी ताजी ब्राह्मी हवी होती. वाळलेली पुडी बाजारात मिळते, पण पुडीत काय आहे ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. म्हटलं लावूनच टाकू. एका नर्सरीतून चार पिशव्या आणल्या, चाळीस रुपयांना एक. गोल पानं, देठाजवळ खाच, जमिनीलगत पसरणारं रोप. नर्सरीवाला म्हणाला, "पाणी भरपूर घाला, बाकी काही लागत नाही." हे वाक्य पुढे वर्षभरात मला अडीच हजारांना पडलं.

१५ जून

भाच्याने शेतातून दोन पोती काळी माती आणून दिली. ओल धरायची तर काळी मातीच, त्यात विचार काय करायचा. ती भरली, रोपं लावली, भांडी विसळल्याचं पाणी तिकडे वळवलं.

२८ जून

चारातली दोन झोपली. पाणी कमी पडलं म्हणून आणखी दोन बादल्या घातल्या, तर तिसरंही पिवळं पडलं. मग उपटून बघितलं. मुळं तपकिरी, चिमटीत ओढली की वरची साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. वास गटारीचा. काळी माती भिजली की फुगते आणि आतली हवेची भोकं बुजतात. रोप पाण्याला कंटाळलं नव्हतं, त्याला श्वास मिळत नव्हता.

ओली काळी माती उपसणं हे वेगळंच काम आहे. फावड्याला चिकटते, घमेल्याला चिकटते, चपलेला चिकटते. अख्खा रविवार गेला. नवं मिश्रण : दोन घमेली काळी माती, दोन घमेली वाळू, दीड घमेलं जुनं शेणखत आणि मूठ-मूठ करून विटांचा चुरा. शेणखत १२० रुपये. वाळू गल्लीत ज्यांचं बांधकाम चालू होतं त्यांच्याकडून, मालकाला विचारून.

५ जुलै

नवी माती हवेशीर झाली, पण पाणी धरेना. सकाळी घातलेलं संध्याकाळी खाली. मग वाफ्याच्या तळाला फ्लेक्स घातला. वाढदिवसाचा होता, कुणाचा ते लिहीत नाही, चेहरा खाली करून अंथरला. पहिल्या दिवशी भोकं पाडायची विसरलो आणि रात्री पाऊस झाला. सकाळी वाफ्याची विहीर. आता कडेने, तळापासून चार इंच उंचीवर, खिळा तापवून सात भोकं पाडली. म्हणजे खाली चार इंच पाणी साठून राहतं आणि जास्तीचं बाजूने निघून जातं. मुळांचा वरचा भाग कोरडा-ओला राहतो. या सगळ्या वर्षात मी केलेलं सगळ्यात शहाणं काम हेच, आणि ते फुकटात झालं.

२४ जुलै

धावते, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या फांद्या, फुटले. प्रत्येक पेराला खाली मूळ, वर पानांचा झुबका. पेर मातीला टेकलं नाही तर मूळ धरत नाही, म्हणून बायकोच्या केसांचे आकडे घेऊन टोचले. तिने मोजून ठेवले होते.

८ ऑगस्ट

आज उलगडा झाला.

शेजारच्या तेलुगू अक्का गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. वरून ओरडल्या, "अय्यो, सरस्वती आकु लावलाव की! आमची अम्मा परीक्षेच्या दिवशी दोन पानं चावायला द्यायची." आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, लहानपण कन्नडमध्ये गेलेलं. ती म्हणाली, "आमच्यात ह्याला ओंदेलग म्हणतेत."

मी म्हटलं, "म्हणजे ब्राह्मीच ना?"

"ब्राह्मी म्हणतेत ह्याला पण. पण मला तेलाला पाहिजे ती बारीक पानाची. घोळीच्या भाजीगत जाड पान असतंय. ही नव्हं."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू दाखवलास कधी? मोरीमागं मला जाता येतंय का?"

गुडघ्यांमुळे तिला खरंच जाता येत नाही. दोन महिने मी पाणी घातलं आणि झाड एकदाही तिच्यासमोर नेलं नाही.

तर तुम्हाला लावायची असेल तर आधी हे नीट बघा. ब्राह्मी या नावाने दोन वेगळी रोपं चालतात. गोल पानाची ती मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. बारीक जाड पानाची ती नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी, बाकोपा मॉनिएरी. दोघींचं एकमेकींशी नातं नाही. नीरब्राह्मीची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि फूल पांढरट-जांभळट, पाच पाकळ्यांचं. शिवाय नर्सरीत कॉइन प्लांट म्हणून एक शोभेचं रोप मिळतं, तेही कुणी ब्राह्मी म्हणून गळ्यात मारतं. त्याचा देठ पानाच्या मधोमध छत्रीच्या दांडीसारखा असतो, मंडूकपर्णीचा खाचेत. पान उलटं करून बघायला दोन सेकंद लागतात.

ठरलं : मंडूकपर्णी अक्कांसाठी आणि आपल्या चटणीसाठी राहील. तेलाची ब्राह्मी वेगळी शोधायची.

२७ ऑगस्ट

पानांना भोकं. दिवसा कुणी दिसत नाही. रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो तर एकवीस गोगलगायी. अंड्याच्या टरफलांचा चुरा पसरून बघितला, त्यावरून आरामात चालत गेल्या. मग गोणपाट भिजवून वाफ्याच्या कडेला अंथरलं. सकाळी उलटवलं की सगळ्या खाली चिकटलेल्या, उचलून मिठाच्या पाण्यात. आठ दिवसांत मामला आटोक्यात. मिठाचं पाणी वाफ्यात ओतू नका, हे सांगायची गरज आहे कारण माझ्या मुलाने ओतलं. कोपऱ्यातली वीतभर जागा अजून उघडी आहे.

१४ सप्टेंबर

नळाचं पाणी वाचवायला महिनाभर आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी घालत होतो. दिवसाला तीसेक लिटर निघतं, ओतून द्यायला जिवावर येतं. परिणाम : नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुन्या पानांच्या कडा करपलेल्या.

२८० रुपयांचं टीडीएस मीटर घेतलं, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं. हे जूनमध्येच घ्यायला हवं होतं. आमच्या घरातले आकडे :

नळाचं ३४०. गच्चीच्या टाकीतलं, म्हणजे नळ आणि बोअर मिसळलेलं, ८६०. आरओतून बाहेर पडणारं ११८०. एसीच्या पाइपातून ठिबकणारं १८.

आरओ क्षार मारत नाही, वेगळे काढून त्या दुसऱ्या पाइपात सोडतो. टाकीतल्यापेक्षा जास्त खारं पाणी मी हौसेने घालत होतो. कडा करपल्या त्या क्षाराने. पिवळेपणाचं कारण वेगळं, लोह. आपली माती चुनखडीची, त्यात असलं पाणी, मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. त्यामुळे हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) मातीत टाकून फारसा उपयोग होत नाही, पानांवर फवारावी लागते. लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि अर्धं लिंबू.

पहिली फवारणी सुट्टी होती म्हणून सकाळी अकराला केली. दुपारी पानांवर काळे ठिपके. दुसरी, आठ दिवसांनी, दिवेलागणीला. बारा दिवसांनी नवी पानं हिरवी आली. फवारलेली सगळी पानं काढून टाकली, खाल्ली नाहीत.

१९ ऑक्टोबर

बारीक पानाची ब्राह्मी कुठल्याच नर्सरीत मिळेना. सगळीकडे गोल पानाचीच पुढे करतात. कारखान्यातल्या एका पोराकडे माशांची काचपेटी आहे. त्याने फोटो बघून सांगितलं, "काका, ही तर पेटीत लावतात." खरंच, माशांच्या दुकानात बाकोपा म्हणून जुडी साठ रुपयांना होती.

घरी आणून आईच्या हातात दिली. या वेळी आधी दाखवली. तिने पान चुरगाळून वास घेतला. "लिंबागत वास येतोय. ही नव्हं." बाकोपाच्याही एकाहून जास्त जाती पेटीत चालतात. कॅरोलिनियाना नावाच्या जातीची पानं मोठी आणि चुरगाळली की लिंबाचा वास. साठ रुपये गेले. परत जाऊन बारीक पानाची घेतली, आईने चावून बघितली, तोंड कडू केलं आणि मान हलवली. हीच.

२३ ऑक्टोबर

जुन्या फायबर कुलरची खालची टाकी मोकळी होती. तळाला सहा इंच माती, वर दोन इंच पाणी, त्यात कांड्या टोचल्या. चौथ्या दिवशी सगळी पानं गळून पाण्यात शेवाळासारखी तरंगत होती. पाण्याखाली वाढलेलं पान पातळ असतं, आपली कोरडी हवा लागली की संपतं. कांडी मात्र जिवंत होती, नखाने खरवडली तर आत हिरवी.

परत वीस कांड्या लावल्या, प्रत्येकीला चार पेरं. वीस लिटरचा पाण्याचा जार मधून कापून वर पालथा घातला. रोज दहा मिनिटं काढायचा, मग अर्धा तास, मग दोन तास. पंधरा दिवसांत नवी पानं आली ती जाड आणि चकचकीत. पाण्यातली आणि हवेतली पानं शेजारी धरली तर एकाच झाडाची वाटत नाहीत.

९ नोव्हेंबर

घरोघरी साठवलेलं पाणी बघणाऱ्या ताई आल्या. मी कामावर होतो. त्यांनी कुलरच्या टाकीत डोकावलं, डासांच्या अळ्या वळवळताना दाखवल्या आणि टाकी आडवी केली. संध्याकाळी आलो तर माती मोरीत, कांड्या फरशीवर. राग आला, पण अळ्या माझ्याच होत्या. डेंग्यूच्या दिवसांत दोन इंच साचलेलं पाणी उघडं ठेवून मी दुसऱ्यांना काय सांगणार?

वीसपैकी तेरा कांड्या वाचल्या. टाकी परत भरली आणि त्याच दुकानातून आठ गप्पी आणून सोडले, चाळीस रुपये. खाऱ्या पाण्याचं त्यांना काही वाटत नाही. टाकीच्या मागच्या बाजूला दोन विटा लावून सावलीची खोल जागा ठेवली. आठवड्यात एकही अळी नाही.

१५ डिसेंबर

थंडीत दोन्ही रोपं थांबलेली. खत घालायचा मोह आवरला.

२० जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाहुण्यांनी घर भरलेलं, चार दिवस वाफ्याकडे फिरकलो नाही. काही बिघडलं नाही. मात्र एका पाहुण्याने चूळ भरून बरोबर मंडूकपर्णीत टाकली, ते वेगळं.

आरओचं पाणी आता नीरब्राह्मीच्या टाकीत जातंय. ही खाडीकाठच्या मचूळ पाण्यातही वाढणारी, ११८० तिच्या खिजगणतीत नाही. तरी पंधरा दिवसांनी एकदा टाकीचं पाणी अर्धं काढून नळाचं भरतो, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. कडेला पांढरी रेघ दिसली की समजायचं.

१६ फेब्रुवारी

लग्नाला तीन दिवस गावी जायचं होतं. आता ऊन तापायला लागलंय. वाफ्याला वात लावली : भिंतीवर बादली, त्यातून कापडाची पट्टी वाफ्यात. कारखान्यातून टॉवेलच्या कोऱ्या किनारीची चिंधी आणली, नवी, पांढरी, जाड.

परत आलो तर बादली काठोकाठ आणि वाफा भाजलेला. निम्मी मंडूकपर्णी गेली.

लाज वाटायची गोष्ट अशी की हे मला माहीत होतं. वीस वर्षं हाताखालून कापड जातंय. मागावरून उतरलेलं कोरं कापड पाणी पीत नाही. सुतावर मुळातला मेणचटपणा असतो, वरून ताण्याला खळ दिलेली. धुलाईत ते निघतं, तेव्हा कुठे टॉवेल अंग पुसायच्या कामाचा होतो. कोऱ्या पट्टीवर पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा बसून राहिला. घरातला जुना विटलेला टॉवेल फाडला, त्यावर थेंब टाकायच्या आत नाहीसा.

२२ फेब्रुवारी

तीन वाती एकाच बादलीतून : कोरी किनार, जुना टॉवेल, जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी. रात्रभर ठेवून प्रत्येक वातीखाली साठलेलं पाणी मोजलं. कोरी शून्य. टॉवेल सव्वादोन लिटर. चादर दीड लिटर, पण चादरीचा पीळ घट्ट असल्यामुळे ती वाहते सावकाश आणि टिकते जास्त. मी चादर ठेवली. बादली वाफ्यापेक्षा उंचच हवी. खालून वर चढवायला गेलो तर वीतभर चढून पाणी थांबतं. वात उन्हात उघडी असेल तर पाणी वाटेतच उडतं, म्हणून वरून जुन्या पाइपाचा तुकडा चढवला.

६ एप्रिल

७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट, तीन मीटर, काठ्या आणि तार धरून ४१० रुपये. आधी ५० टक्क्यांची आणली होती, दुपारी पानं कागदासारखी वाजायची. दुकानदाराने ती परत घेतली नाही. आता पार्किंगवर आहे, स्कूटरला सावली.

नीरब्राह्मीला नेट लागली नाही. पाय पाण्यात असले की ती उन्हाला घाबरत नाही.

४ मे

एसीच्या पाण्यावर माझी सगळी भिस्त होती. १८ टीडीएस, फुकट. पण हवा कोरडी असली की एसी ठिबकणार काय? रात्रभरात जेमतेम अडीच लिटर. गरज सगळ्यात जास्त तेव्हा पाणी सगळ्यात कमी. उन्हाळ्यात मंडूकपर्णीला रोज सात-आठ लिटर लागतं. उरलेलं तांदूळ-डाळ-भाजी धुतल्याचं वापरतो. साबण-पावडरचं एक थेंबही नाही, भांड्याचं पाणी मी जुलैतच बंद केलं होतं.

चादरीची वात अडीच महिन्यांत कुजून तुटली. बदलली.

८ जून

दोन पाऊस झाले. हवा दमट झाली आणि एसीची बादली रात्रीत नऊ लिटर भरून वाहतेय. आता नको असताना.

नीरब्राह्मीची पहिली खरी कापणी. बुडाशी चार बोटं कांडी ठेवून कापली, ती परत फुटते. ओली ६४० ग्रॅम. कुणी म्हणेल नाल्याकाठी फुकट उगवते, कशाला हा खटाटोप. नाल्याची आणू नका. हे रोप पाण्यातले जड धातू ओढून घेतं, आणि शहराच्या नाल्यात काय काय येतं ते रंगाई खात्यातल्या कुणालाही विचारा.

९ जून

तेल. आईने खुर्ची गॅसजवळ ओढली. ब्राह्मी वाटून रस काढला, खोबरेल दुप्पट, मंद आच. मी वीस मिनिटांनी म्हटलं झालं. फेस बसला होता, रंगही उतरला होता. आईने कापसाची वात तेलात बुडवून पेटवली. तडतड.

"ओल हाय अजून."

दहा मिनिटांनी परत. बारीक एक तडतड. तिसऱ्यांदा वात गुपचूप, सरळ ज्योत धरून जळली. तेव्हा गॅस बंद. गेल्या दिवाळीत विकतच्या ब्राह्मीचं तेल मीच काढलं होतं. महिन्याभरात त्याला बुरशी आली होती, ती का ते आज कळलं. साडेतीनशे मिली निघालं.

११ जून

अक्कांना मंडूकपर्णीचे धावते दोन कुंड्यांत लावून दिले. संध्याकाळी त्यांनी शेंगदाणे घालून केलेली पच्चडी पाठवली, भाकरीबरोबर संपली. वाटी परत द्यायला गेलो तर जिन्याखाली त्यांचा नातू बसलेला. कुंड्या लहान वाटल्या म्हणून त्याने रोपं काढून मोठ्या डब्यात लावली होती. काठोकाठ काळी माती, डब्याला भोक नाही.

"आजोबा, भरपूर पाणी घातलंय बरं का."

उद्या सकाळी घमेलं आणि खिळा घेऊन जातो.